थिओडोरा : सिंहासनावर बसलेली नटी

राजदरबारातील स्त्रीच्या सत्तेविषयी लिहिताना इतिहासकार बहुधा दोनच शब्द वापरतात : सौंदर्य आणि कारस्थान. सहाव्या शतकातील बायझंटाईन सम्राज्ञी थिओडोरा हिच्याविरुद्ध तिसरा शब्दही वापरला गेला. तो म्हणजे जन्म. म्हणूनच आपण तिच्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

कॉन्स्टँटिनोपलच्या हिप्पोड्रोममध्ये रथांच्या शर्यती चालत. 'हिरवे' आणि 'निळे' हे तिथले दोन बलाढ्य पक्ष. थिओडोराचा बाप हिरव्यांची अस्वले सांभाळी. तो मेल्यावर आईने तीन लहान मुलींना भर मैदानात उभे करून आपल्या नव्या नवऱ्यासाठी तेच काम मागितले. हिरव्यांनी झिडकारले, निळ्यांनी आपल्याकडे काम दिले. पुढे या मुली रंगभूमीवर गेल्या.

रोमन कायद्याने नटीला कलंकित ठरवले होते. नटाच्या पोराने नटच व्हावे असा दंडक होता. सिनेटच्या वर्गातील पुरुषाला नटीशी विवाह करण्यास बंदी होती. जन्म, व्यवसाय आणि विवाह यांची गाठ एकत्र मारली की माणूस कसा जखडतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

जस्टिनियनला तिच्याशी लग्न करायचे होते. तत्कालीन सम्राज्ञी युफेमिया आडवी आली. ती स्वतः पूर्वाश्रमीची गुलाम! वर चढलेला माणूस खालच्याला हात देतोच असे नाही. अखेर सम्राट जस्टिनने कायदा बदलला : रंगभूमी सोडलेल्या नटीला व तिच्या मुलींना कोणाशीही विवाह करण्याची मोकळीक मिळाली. कायदा केला एकीसाठी, पण त्याची भाषा सर्वांसाठी होती. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

५२७ मध्ये दोघे सिंहासनावर आले. ५३५ च्या एका कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांना सम्राटाबरोबर तिच्याही नावाने निष्ठेची शपथ घ्यावी लागे. सम्राटाचे अधिकृत धर्ममत न मानणाऱ्या भिक्षूंना तिने राजवाड्यात आसरा दिला. करवसुलीने लोकांना पिळणारा मंत्री, कॅपाडोशियाचा जॉन, ५४१ मध्ये तिच्याच डावाने पदच्युत झाला. कपड्याचपलांचे आमिष दाखवून खेड्यांतील मुलींना, दहा वर्षांखालील पोरींनाही, वेश्याव्यवसायात ओढणाऱ्या दलालांना राजधानीतून हाकलणारा कायदा ५३५ चाच. त्यामागे तिची प्रेरणा होती, असे मानले जाते.

पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. ५३२ च्या जानेवारीत हिरवे आणि निळे एक होऊन उठले. सम्राट पळण्याच्या बेतात होता. तिने त्याला रोखले, असे प्रोकोपियस लिहितो. त्यानंतर सैन्याने हिप्पोड्रोममध्ये कोंडून सुमारे ३०,००० माणसे कापली, असा त्याचाच आकडा आहे. ज्या मैदानावर तिचे कुटुंब भाकरीसाठी उभे राहिले होते, तेच हे मैदान. तिथे मेलेल्यांत गरीब किती होते, हे कोणी मोजले नाही.

हा प्रोकोपियस सेनापती बेलिसारियसच्या पदरी असलेला सुशिक्षित माणूस. वेश्यांसाठी काढलेल्या आश्रमाची तो एका ग्रंथात स्तुती करतो. दुसऱ्या ग्रंथात तो सांगतो की बायकांना तिथे बळाने डांबले आणि काहींनी भिंतीवरून उड्या टाकल्या. तो दुसरा, गुप्त ग्रंथ १६२३ मध्ये प्रथम छापला गेला. त्यात थिओडोराच्या पूर्वायुष्याची जी घाण उपसली आहे, तीतून तिच्यापेक्षा वरिष्ठवर्गाचा संताप अधिक कळतो. आपल्या पायाशी असलेली बाई आपल्याला पायाशी लोळण घ्यायला लावते, ही त्याची खरी जखम.

मग थिओडोरा आपली का? माझे उत्तर असे : तिचे वजन सम्राटाच्या मर्जीवर उभे होते आणि ५४८ मध्ये ती गेली तेव्हा ते वजनही संपले. कायद्याच्या संहितेत नटीच्या विवाहाचा हक्क मात्र राहिला. सत्तेजवळ पोचलेल्या आपल्या प्रत्येक माणसाला हाच प्रश्न विचारावा : तू उठून गेल्यावर मागे कोणता हक्क लिहिलेला राहील?