सिकलसेल : औषधाआधी निदान हवे

नागपूरहून पूर्वेकडे साठेक किलोमीटर गेले, की वैनगंगेच्या काठी भंडारा लागते. धानाची शेती, गावोगावचे तलाव आणि पितळेची भांडी ही या जिल्ह्याची सर्वपरिचित ओळख. वैद्यकशास्त्राला मात्र पूर्व विदर्भाचा हा पट्टा आणखी एका कारणाने ठाऊक आहे, ते म्हणजे सिकलसेल. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यात क्वचित भेटणारा हा आजार भंडाऱ्याच्या रुग्णालयांना नवा नाही. अडचण अशी, की तो स्वत:च्या नावाने फारसा येत नाही. रक्तक्षय, संधिवात, अपेंडिक्स, न्यूमोनिया अशा ओळखीच्या आजारांचे सोंग घेऊन तो येतो. मग रुग्णाला त्या ओळखीच्या आजाराचे औषध मिळते, आणि कित्येकदा अपाय होतो तो आजाराइतकाच औषधानेही.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी पाहिल्या, तेव्हापासून या आजाराची नोंद सुरू होते. भारतात तो 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत आढळला. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका अमिनो आम्लाची जागा दुसऱ्याने घेतली, एवढाच काय तो बिघाड. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडताच पेशी कडक होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला तर मूल रुग्ण, एकाकडूनच आला तर केवळ वाहक. वाहकाला हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवून दिले. पिढ्यानपिढ्या हिवताप सोसलेल्या प्रदेशात हा दोष का टिकून राहिला, याचे उत्तर त्यात आहे.

आता ओळखीच्या आजारांचे औषध कसे उलटते, ते पाहू. फिकट चेहऱ्याची मुलगी आली, हिमोग्लोबिन सात भरले, की हात आपसूक लोहाच्या गोळ्यांकडे जातो. भारतात बहुतांश रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होतो, त्यामुळे हा अंदाज एरवी चुकीचा नाही. सिकलसेलमध्ये मात्र रक्त कमी असते ते पेशी फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते. त्यात रुग्णाला वारंवार रक्त चढवलेले असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह येते, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने मानवी शरीरात ठेवलेलीच नाही. ते यकृतात, हृदयात, अंत:स्रावी ग्रंथींत साठत जाते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला लोह द्यायचे ते फेरिटिनची तपासणी करून, खरोखर कमी आढळले तरच. फॉलिक ॲसिडची गोष्ट वेगळी. ते त्याला हवेच असते. वाहकाला मात्र लोहाची कमतरता असल्यास गोळ्या घ्यायला काहीच हरकत नाही. वाहक आणि रुग्ण यांतला हा फरक समजावून न सांगितल्याने धडधाकट वाहकही उगाच भेदरतात.

रक्ताच्या पिशवीचेही तसेच. सात-आठ हिमोग्लोबिनवर अनेक रुग्ण आपले दैनंदिन व्यवहार नीट करतात. आकडा कमी दिसला म्हणून भराभर रक्त चढवून तो फार वर नेला, तर आधीच चिकट असलेले रक्त अधिक दाट होते आणि जी कोंडी टाळायची तीच ओढवते. लहान मुलांत कधी कधी प्लीहा एकाएकी फुगते व रक्त तिथे अडकून पडते. मूल काही तासांत पांढरेफटक होते. तेव्हा रक्त तातडीने द्यावे लागते, पण बेताने. प्लीहा सैल झाली की अडकलेले रक्त परत येते, याचे भान ठेवावे लागते.

वेदनांच्या बाबतीत तर फारच हेळसांड होते. सांधे, पाठ, मांड्या असह्य दुखतात. सूज दिसेलच असे नाही. कोणी त्याला आमवात म्हणतो, तर कोणी नाटक म्हणतो. वेदनाशामक इंजेक्शने पुन्हा पुन्हा घेतली तर सिकलसेलमुळे आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांवर घाला पडतो. झटपट आरामासाठी दिलेल्या स्टेरॉइडने दोन दिवस बरे वाटते, पण ते थांबताच वेदना दुप्पट जोराने उसळू शकतात. पोटदुखीने आलेल्या रुग्णाला अपेंडिक्स समजून शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले आणि भूल देणाऱ्याला सिकलसेलची कल्पनाच नसली, तर पाण्याची किंवा प्राणवायूची कमतरता, टेबलावरचा गारठा यांपैकी काहीही संकट ओढवू शकते. अर्थात या रुग्णांना अपेंडिक्स होतच नाही असे नाही. पित्ताशयात खडेही त्यांना अधिक होतात. निदान झालेले असले, की तीच शस्त्रक्रिया पूर्वतयारीनिशी सुरक्षितपणे करता येते.

याच पट्ट्यात आणखी एक अनुवंशिक दोष आढळतो, जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेचा. तो सिकलसेलहून निराळा. पण दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात. व्हायवॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवस दिले जाणारे प्रायमाक्विन अशा माणसाच्या लाल पेशी फोडते. औषध सुरू झाल्यावर लघवी काळपट होऊ लागली, डोळे पिवळे दिसू लागले, की ते तिथल्या तिथे थांबवायचे असते. बहुतेक वेळा ही लक्षणे हिवतापाचीच समजली जातात आणि उरलेल्या गोळ्याही पूर्ण केल्या जातात.

तापाकडे दुर्लक्ष हीही अपायाचीच एक तऱ्हा. सिकलसेलच्या मुलाची प्लीहा लवकर निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. इतर मुलाला पॅरासिटामॉल देऊन उद्या बोलावता येते. याला लगेच प्रतिजैविक द्यावे लागते. न्यूमोकोकसची लस 2021 पासून देशभरच्या लसीकरणात आली, हा मोठाच दिलासा.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट असून भर आदिवासी भागांवर आहे. ते योग्यच, पण भंडाऱ्यात 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या सात टक्क्यांच्या आसपासच होती, आणि विदर्भात हा दोष अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीयांतही आढळतो. शिवाय नोकरीधंद्यासाठी इथली माणसे पुण्या-मुंबईत कधीच पोहोचली आहेत. तेथील डॉक्टरने ‘मूळ गाव कोणते?’ आणि ‘घरात कोणाला असे दुखणे आहे का?’ एवढे दोन प्रश्न विचारले, तरी पुष्कळ वाट सोपी होते.

तपासणीही महाग किंवा अवघड नाही. विरघळण्याच्या साध्या चाचणीने दोष आहे एवढे कळते; वाहक की रुग्ण, हे मात्र तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळात गर्भकाळचे हिमोग्लोबिन इतके असते, की साधी चाचणी फसते. नुकतेच रक्त चढवले असेल तर दात्याच्या पेशींमुळे या मोठ्या चाचण्यांचा निष्कर्षही भरवशाचा राहत नाही. त्यानंतर तीनेक महिने थांबावे लागते. म्हणून अत्यवस्थ रुग्णाला रक्त देण्याची कितीही घाई असली, तरी पिशवी टांगण्याआधी त्याच्या स्वत:च्या रक्ताची एक नळी भरून बाजूला ठेवायची असते.