कलप आणि कॅमेऱ्याची फिल्म

घरगुती चित्रीकरणासाठी कोडॅक कंपनीने १९६५ मध्ये 'सुपर एट' नावाची फिल्म आणली. प्लास्टिकच्या डबीत पन्नास फूट फिल्म. कॅमेऱ्यात डबी ठेवायची, झाकण लावायचे, की काम सुरू. सेकंदाला अठरा चित्रे या वेगाने एका डबीत तीन मिनिटे वीस सेकंदांचे चित्रण होते. व्हिडिओ आला आणि हे कॅमेरे माळ्यावर गेले. आता तेच पुन्हा खाली उतरत आहेत. मोबाइलच्या अतिस्वच्छ चित्राला कंटाळलेली तरुण मंडळी लग्न, बारसे, सहल अशा प्रसंगांसाठी फिल्म विकत घेऊ लागली आहेत.

फरक असा की पूर्वी घरात 'कोडाक्रोम' वापरली जाई. ती धुऊन आली की थेट पडद्यावर दाखवता येई. आज सुपर एटमध्ये मिळणाऱ्या बहुतेक रंगीत फिल्म निगेटिव्ह आहेत, म्हणजे मोठ्या चित्रपटांसाठी बनवलेलीच फिल्म छोट्या रुंदीत कापलेली. डबीवर ५० डी, २०० टी, ५०० टी असे लिहिलेले असते. आकडा प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता सांगतो, 'डी' म्हणजे दिवसाचा उजेड आणि 'टी' म्हणजे टंगस्टनच्या दिव्याचा पिवळसर उजेड. आपला मेंदू दिव्याखालचा पांढरा कागद पांढराच दाखवतो. फिल्मला ती सोय नाही, म्हणून हे दोन प्रकार.

डॉक्टरने यात नाक खुपसण्याचे कारण म्हणजे या फिल्ममधला रंग तयार कसा होतो. डबीतून काढलेल्या कोऱ्या निगेटिव्हमध्ये चित्राचा रंग नसतोच. असतात ते चांदीचे क्षार आणि 'कपलर' नावाची रसायने, एकावर एक चढवलेल्या थरांत. फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली की उजेड पडलेल्या जागी क्षारांची चांदी होते आणि त्याच वेळी डेव्हलपरचे ऑक्सिडीकरण होते. हा ऑक्सिडीकृत डेव्हलपर शेजारच्या कपलरला जोडला जातो आणि त्या जोडीतून रंग जन्मतो. नंतर चांदी धुऊन टाकतात, रंग उरतो. जर्मनीतील रुडॉल्फ फिशर यांनी ही कल्पना १९१२ च्या सुमारास मांडली.

आता केसांना लावायच्या कलपाची खोकी पाहा. एका ट्यूबमध्ये पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी, आणि कपलर. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही मिसळले की ऑक्सिडीकरण होते, जोडी जमते, केस काळे होतात. (या दुसऱ्या बाटलीलाही सलूनमध्ये डेव्हलपरच म्हणतात, हा निव्वळ योगायोग.) रंगीत फिल्मचा डेव्हलपर हा पीपीडीचाच चुलतभाऊ. एकाच कुटुंबातले असल्यामुळे त्वचेशी दोघांचे भांडणही सारखेच.

पीपीडीची अॅलर्जी ही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणारी गोष्ट आहे. कलप लावल्यावर एक-दोन दिवसांनी कपाळ, कान, मान लाल होतात, पाणी सुटते, पापण्या सुजून डोळे मिटतात. हातावर लवकर गडद रंग चढावा म्हणून विकल्या जाणाऱ्या 'काळ्या मेंदी'तही हे रसायन घातलेले आढळते. तिथे नक्षीच्या आकाराचेच फोड उठतात. "दहा वर्षं हाच कलप लावतोय, मग आताच कसं झालं?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर असे की अॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. शरीरातील पांढऱ्या पेशी आधी त्या रसायनाची ओळख पटवून घेतात. कधी दोन आठवड्यांत, कधी कित्येक वर्षांनी. एकदा ओळख पटली की बहुधा जन्मभर विसरत नाहीत.

फोटो लॅबमधील कामगारांच्या हातांवर असा त्रास डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदवला आहे. कधी साधा इसब, तर कधी मनगटावर आणि हातावर जांभळट, चपटे, खाजरे पुरळ. त्यामुळेच कोडॅकच्या रसायनतज्ज्ञांनी रेणूला एक पाण्यात विरघळणारी शेपटी जोडून तो त्वचेला कमी त्रासदायक केला. चित्रपटाच्या निगेटिव्हसाठी आज वापरला जाणारा सीडी-३ हा डेव्हलपर त्यातलाच. पण कमी त्रासदायक म्हणजे निर्धोक नव्हे.

हा विषय आताच काढण्याचे कारण म्हणजे घरच्या घरी फिल्म धुण्याची हौस. कोडाक्रोमचे कपलर फिल्ममध्ये नसून धुण्याच्या द्रावणात असत. ती प्रक्रिया इतकी किचकट होती, की घरी कोणी तिच्या वाटेला जात नसे. शेवटच्या प्रयोगशाळेनेही २०१० च्या अखेरीस काम थांबवले. निगेटिव्हचे तसे नाही. तिच्या पाठीवरचा काजळीसारखा काळा थर खरवडून काढणे एवढीच मोठी कटकट होती, आणि २०२५ मध्ये कोडॅकने तो थर नसलेल्या निगेटिव्ह फिल्म आणल्यामुळे तीही मिटत चालली आहे. म्हणजे कोमट डेव्हलपरमध्ये हौशी हात आणखी बुडणार. लॅबमध्ये यंत्र असते, घरात बादली.

हातमोजे नायट्राइलचे हवेत. पातळ रबरी मोज्यांतून ही रसायने त्वचेपर्यंत पोहोचू शकतात. पावडर मिसळताना खिडकी उघडी आणि नाकावर मास्क. स्वयंपाकाची भांडी या कामाला घेऊ नयेत आणि उरलेले द्रावण पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. पीपीडी पोटात गेल्यास घसा सुजून श्वास अडतो, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. फिल्मचा डेव्हलपर मुलांच्या हाती लागू न देण्यास एवढे कारण पुरे.

पुरळ उठलेच तर औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधे मिसळलेले मलम आणून चोळू नका. त्यातील स्टेरॉइडने पुरळ चार दिवस दबते, निदान मात्र लांबते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट लावतात. पट्ट्या दोन दिवस ठेवून काढतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. कामाची माहिती देताना फिल्म धुण्याचा छंद आवर्जून सांगा, कारण तो कोणी विचारणार नाही. आणि ज्यांना कलप किंवा काळी मेंदी एकदा बाधली आहे, त्यांनी चित्रीकरण खुशाल करावे. फिल्म मात्र धुवायला लॅबकडे पाठवावी.