निळ्या नळीतला सोडा

सकाळी साडेसहाला डायालिसिस केंद्राचं दार उघडतं. मामांचं वजन होतं, ते खिडकीजवळच्या आपल्या खाटेवर टेकतात आणि मी शेजारी स्टूल ओढून घेते. आठ महिने झाले, आठवड्यातून तीनदा हेच. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे असेल, माझी नजर मशीनच्या पडद्यापेक्षा खाली ठेवलेल्या दोन कॅनकडे जाते.

एकात 'ए पार्ट'. झाकण काढलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. दुसऱ्यात 'बी पार्ट'. त्याची पांढरी पूड टेक्निशियन दादा आर.ओ.च्या पाण्यात ओततात आणि कण न् कण विरघळेपर्यंत ढवळत राहतात. ही पूड मुख्यतः सोडियम बायकार्बोनेटची, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याची. लाल नळी 'ए'मध्ये, निळी 'बी'मध्ये. दोन्ही आधीच एकत्र केले तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसेल. म्हणून त्यांची गाठ पडते ती मशीनच्या आत, भरपूर पाण्यात.

एकदा मामांनी विचारलं, "दादा, मशीन रक्तातली घाण काढतं, हे कळलं. मग वरून सोडा कशाला?"

"काका, रक्तात आम्ल साठतं ना तुमच्या. ते मारायला."

उत्तर बरोबर होतं. पण तो प्रश्न घेऊनच मी घरी आले. आम्ल तर सगळ्यांच्याच रक्तात तयार होतं. मग माझा सोडा कोण घालतं?

डाळ, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं. शरीर त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतं. नेहमीच्या जेवणातून किलोमागे रोज सुमारे 1 मिलिइक्विव्हॅलंट आम्ल तयार होतं, म्हणजे साठ किलोच्या माणसात 60. कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो, हे आम्ल जात नाही. रक्तातलं बायकार्बोनेट त्याला मारतं आणि स्वतः खर्ची पडतं. तेव्हा कुठे रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्ट्यात टिकतो.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यात उतरलेलं जवळजवळ सगळं बायकार्बोनेट परत रक्तात ओढून घेतात. पण ही झाली बचत. खर्च झालेलं भरून काढायला नवी कमाई हवी, आणि आम्लही बाहेर जायला हवं. ते नुसतं लघवीत सोडून भागत नाही. लघवीचा सामू साधारण 4.5च्या खाली उतरत नाही, आणि त्या सामूला एका लिटरमध्ये मोकळं आम्ल मावतं अवघं 0.03 मिलिइक्विव्हॅलंट. दिवसाचे 60 असे टाकायचे तर दोन हजार लिटर लघवी लागेल! म्हणून आम्ल कुणाच्या तरी पाठीवर लादून पाठवावं लागतं. थोडं फॉस्फेट वाहून नेतं. मोठा भार अमोनियाकडे.

हा अमोनिया मूत्रपिंड स्वतः घडवतं. तिथून बाहेर पडणाऱ्या रक्तात आत येणाऱ्यापेक्षा जास्त अमोनिया असतो, हे नॅश आणि बेनेडिक्ट यांनी 1921 मध्ये दाखवलं. 1943 मध्ये व्हॅन स्लाइक आणि सहकाऱ्यांनी त्याचा कच्चा माल दाखवला : ग्लुटामिन. त्याचा एक रेणू पूर्ण मोडला की दोन अमोनियम आणि दोन बायकार्बोनेट मिळतात. बायकार्बोनेट रक्तात जातं. हाच आपला घरचा सोडा.

मात्र अमोनियम लघवीतच जायला हवं. ते रक्तात परतलं, तर यकृत त्याचा युरिया करताना तेवढंच बायकार्बोनेट खर्च करतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून मूत्रपिंड त्याला आपल्या गाभ्यात दाट साठवतं आणि शेवटच्या नलिकांमध्ये उतरवतं. तिथल्या आम्लाशी गाठ पडताच अमोनियाचं अमोनियम होतं, आणि त्याला मागे फिरणं अवघड होतं. आम्लाचा भार वाढला, तर काही दिवसांत हे उत्पादन कित्येक पटींनी वाढतं.

मामांचं हे कसब बरंच आधी मंदावलं असणार. डायालिसिसच्या दोन वर्षं आधीपासून डॉक्टर त्यांना सोड्याच्या गोळ्या देत होते. मांड्या बारीक होत चालल्या होत्या. आम्ल हटेना, तेव्हा शरीर हाडांतला क्षार काढतं, स्नायू मोडतं. त्याच सुमारास त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. मामी त्यांना लवंग द्यायची. मला तो वास ओळखीचा होता, प्रयोगशाळेतल्या अमोनियाच्या बाटलीचा. लाळेत उतरलेला युरिया जिवाणू फोडत होते, त्याचा तो वास. सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबतो तोही असाच, युरियापासून झालेला. मूत्रपिंड ज्या अमोनियावर आम्ल लादून पाठवतं, त्याला आम्लधर्मी लघवीत वास नसतो. मामांच्या शरीरात नको तिथे अमोनिया होता, आणि हवा तिथे उरला नव्हता.

मशीनची थोरवी मला रोज दिसते. चार तासांत सुमारे 120 लिटर द्राव रक्ताच्या शेजारून वाहतो आणि त्यानेच माझा मामा माझ्यासमोर बसून पेपर वाचतो. पण मशीनला सोडा घडवता येत नाही, तो कॅनमधून द्यावा लागतो. परवाच्या तपासणीत मामांचं बायकार्बोनेट सुरुवातीला 19 होतं, शेवटी 26. आता घरी भाकरी-आमटीबरोबर ते पुन्हा उतरू लागेल. ज्यांची मूत्रपिंडं धड आहेत, त्यांच्यात ही भरपाई झोपेतही चालू असते.

साडेदहाला सुया निघाल्या. दादांनी निळी नळी काढून पुसली. मामांनी खाली वाकून कॅनकडे पाहिलं.

"आज किती गेला गं?"

मी कॅन उजेडाकडे तिरपा करून पाण्याची रेघ दाखवली. निम्म्याच्या खाली होती.