कारभार आणि कायदा (भाग 14) : आरोपी लोकप्रतिनिधी आणि बंद लिफाफा

अजिंठ्याच्या तलाठ्याला एखाद्या गुन्ह्यात अटक झाली आणि तो 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला, तर साहेबांना फार विचार करावा लागत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधला चौथा नियमच सांगतो, की तो निलंबित झाला असं मानायचं. दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात जातं. तलाठ्याकडे असून असून गुपितं किती असणार? आमदार-खासदारांना मात्र असा कुठलाच नियम लागू नाही.

मुळात आमदाराला सरकारची गुपितं कळतात का, हे आधी पाहू. निवडून आल्यावर तो जी शपथ घेतो ती निष्ठेची आणि कर्तव्याची. गोपनीयतेचा त्यात उल्लेखही नाही. गोपनीयतेची वेगळी शपथ अनुच्छेद 164 नुसार फक्त मंत्र्याला घ्यावी लागते, कारण फाइल त्याच्या टेबलावर येते. नवाब मलिक यांना ईडीने 23 फेब्रुवारी 2022 रोजी अटक केली. त्यांची खाती पुढच्या महिन्यात इतर मंत्र्यांकडे सोपवली गेली, पण ते मंत्रिमंडळात राहिलेच. म्हणजे फाइली गेल्या, शपथ तेवढी राहिली. हेही झालं ते मुख्यमंत्र्यांच्या मर्जीने. कुठल्या कलमाने नव्हे.

मंत्री नसलेल्यांना गोपनीय गोष्टींचा वास लागतो तो समित्यांमधून. इथलं सगळ्यात बोलकं उदाहरण मालेगावच्या खटल्यातून आलं. 29 सप्टेंबर 2008 च्या त्या स्फोटात सहा माणसं मेली. प्रज्ञासिंह ठाकूर यांना मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये जामीन दिला, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांच्यासह सात जणांवर यूएपीएखाली आरोप निश्चित केले. मे 2019 मध्ये त्या भोपाळहून खासदार झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली. 21 जणांची समिती, अध्यक्ष खुद्द संरक्षणमंत्री राजनाथ सिंह. दहशतवादाच्या खटल्यातला आरोपी लष्करी विषयांच्या चर्चेला कसा बसतो, असा गदारोळ झाला, पण नेमणूक टिकली. ती गेली काही दिवसांनी, 28 नोव्हेंबरला, आणि तीही नथुराम गोडसेबद्दल लोकसभेत केलेल्या वक्तव्यामुळे. खटल्यामुळे त्यांचं आत येणं अडलं नाही, आणि खटल्यामुळे त्या बाहेरही गेल्या नाहीत. दोन्ही वेळा निर्णय वरिष्ठांच्या सोयीने झाला.

पुढे 31 जुलै 2025 रोजी त्याच विशेष न्यायालयाने सातही जणांना निर्दोष सोडलं. आता कुणी म्हणेल, बघा, बंदी घातली असती तर अन्याय झाला असता. मला तसं वाटत नाही. समितीची खुर्ची हा हक्क नाही, आणि काही काळ बाजूला बसवणं ही शिक्षा नाही. तलाठीही सुटल्यावर परत रुजू होतोच. मात्र मालेगावच्या निकालाने एक गोष्ट पक्की केली: अशी बंदी घालायची तर ती तात्पुरतीच हवी.

अमेरिकेतही याचं तयार उत्तर नव्हतं. तिथे खासदाराची सुरक्षा-तपासणी होत नाही. निवडून आला की गोपनीय माहितीचं दार उघडं. सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर सप्टेंबर 2023 मध्ये लाचखोरीचा आणि पुढच्याच महिन्यात इजिप्तसाठी हस्तक म्हणून काम केल्याचा आरोप ठेवला गेला. परराष्ट्र समितीचं अध्यक्षपद पक्षाच्या नियमामुळे त्यांना सोडावं लागलं, पण समितीतली जागा टिकली. त्यांच्याच पक्षाचे जॉन फेटरमन यांनी अशा आरोपींची गोपनीय माहिती थांबवण्याचा ठराव मांडला. मेनेंडेझ जुलै 2024 मध्ये दोषी ठरले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आता खरी अडचण. नुसता गुन्हा दाखल झाला की माहिती बंद, असं ठरवलं तर विरोधकाचं तोंड बंद करायला एक एफआयआर पुरेल. 2021 मध्ये विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलिस बदल्यांबाबतचा गोपनीय अहवाल आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं आणि तो केंद्रीय गृहसचिवांना नेऊन दिला. मुंबईच्या सायबर पोलिसांनी अज्ञातांविरुद्ध शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला आणि मार्च 2022 मध्ये फडणवीसांच्या घरी जाऊन त्यांचा जबाब घेतला. त्यांचं वागणं योग्य की अयोग्य, यावर दोन मतं असतील. पण त्या वेळी ‘गुन्हा म्हणजे बंदी’ असा नियम असता, तर तो कुणावर चालवला गेला असता हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून अटक किंवा एफआयआर हा टप्पा चुकीचा. 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत मांडलेलं 130 वं घटनादुरुस्ती विधेयक नेमकं तिथेच पाय ठेवतं: पाच वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग 30 दिवस कोठडी झाली की मंत्र्याचं पद जाणार. इथे न्यायाधीशाने आरोप तपासून पाहिलेले असण्याचीही अट नाही. शिवाय हे विधेयक मंत्र्यांपुरतं आहे. समितीत बसणारा साधा खासदार त्यातून सुटतोच.

माझ्या मते रेषा आरोपनिश्चितीवर ओढावी, आणि तीही सगळ्या गुन्ह्यांना नव्हे. चेक न वटल्याचा खटला असलेल्या आमदाराला गृहखात्याच्या समितीबाहेर काढून काय मिळणार? देशविरोधी कारवाया, दहशतवाद, लाच आणि परक्या शक्तींशी संगनमत एवढ्यांपुरती ती ठेवावी. निर्णय मंत्र्याने नव्हे, सभागृहाने घ्यावा आणि तो लेखी कारणांसह नोंदवावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहाला आपली नियमावली बदलता येते, आणि अनुच्छेद 208 ने विधानसभेला तो अधिकार दिलेलाच आहे.