भोर-वेल्ह्याचे विद्यार्थी व कॉलेजचें पहिलें वर्ष

दरसाल जून उलटला कीं भोर व वेल्हें या मावळ मुलखांतील कित्येक मुलें-मुली बारावीची परीक्षा उतरून पुण्याच्या कॉलेजांत दाखल होतात. भोरास कॉलेज नाहीं असें नाहीं. परंतु हवा तो विषय तेथें न मिळाल्यास सुमारें ५० किलोमीटरांची वाट धरावी लागते. (वेल्ह्यास आतां राजगड तालुका असें नांव मिळालें आहे, नांव मोठें झालें, वाट होती तेवढीच राहिली.) नेमकी याच सुमारास घरीं भाताची लावणी चालते. खाचरांत माणूस अपुरें असतां धडधाकट मुलगा पुण्यास कसा धाडावा, हा बापाचा प्रश्न खोटा नव्हे. मुलगा पंधरा दिवस उशिरां येतो, आणि तोंवर अध्यापक पुढच्या प्रकरणावर गेलेले असतात. ७५ टक्के हजेरीचा नियम चिखलाची सबब ऐकत नाहीं.

पुढें भाषेची अडचण. मराठींतून जमाखर्च शिकलेल्यास तोच विषय एकाएकीं इंग्रजी पुस्तकांतून वाचावा लागतो. तो गप्प बसला कीं त्यास मठ्ठ ठरविणें फार सोपें आहे! त्यांत २०२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न कॉलेजांत आली. मुख्य विषय, गौण विषय, श्रेयांक हें सारें समजून घ्यावयाचें. ज्याच्या घरीं कोणीं कॉलेजची पायरी चढलेली नाहीं, त्यानें हें विचारावें कोणास?

पुण्यास हा प्रश्न नवा नव्हे. माधुकरी मागून व वार लावून जेवणाऱ्यांच्या पिढ्या येथें शिकल्या. मात्र त्या पंक्तीस जातीची वेस होती, हें विसरतां येत नाहीं. १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें. १९५५ सालीं डॉ. अच्युतराव आपटे यांनीं विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापिली. अशा वसतिगृहांत अन्नाइतकाच महत्त्वाचा लाभ म्हणजे शेजारच्या खाटेवरचा वडील विद्यार्थी. भाड्याच्या कोंदट खोलींत तोच मिळत नाहीं.

मुलींची स्थिति अधिक बिकट. वार्षिक ८ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारनें २०२४ सालीं माफ केली, हें उत्तम झालें. पण फी माफ झाल्यानें राहण्यास जागा मिळत नाहीं, आणि जागेवांचून आई मुलीस सोडीत नाहीं.

कॉलेजांनीं लावणीच्या पंधरवड्याची हजेरी सवलतीनें धरावी, बुडालेले पाठ पुन्हां द्यावे, व प्रत्येक नवागतास त्याच तालुक्याचा एक वरच्या वर्गांतील विद्यार्थी नेमून द्यावा. यास पैसा लागत नाहीं. पैसा लागतो तो खोल्यांस, आणि तेथें आम्ही आमच्या व्यापारी वाचकांकडे पाहतों. त्या बाजूकडून येऊन पुण्यांत पेढी थाटलेल्या गृहस्थांनीं दुकानावरील एखादी रिकामी खोली माफक भाड्यानें दोन विद्यार्थ्यांस द्यावी. अशा खोल्यांची माहिती आमच्याकडे धाडल्यास ती या स्तंभांत विनामूल्य छापूं.