ट्रॅकवर जायचंय? आधी रबर, मग रिम

कोल्हापूरला मोटार रेसिंगचे वेड नवीन नाही. इथल्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या रंगल्या आहेत. ध्रुव मोहिते देशपातळीवरच्या मोटार शर्यतींत उतरले, तर कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला-३ मालिकेपर्यंत पोहोचले. त्यांच्याकडे पाहून आपलीही रोजच्या वापरातली हॅचबॅक एखाद्या दिवशी खऱ्या ट्रॅकवर पळवावी, असे अनेक तरुणांना वाटते. कोल्हापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकपर्यंत पोहोचतो, आणि अशा ट्रॅकवर हौशी चालकांसाठी ठरावीक दिवस ठेवले जातात.

अडचण असते ती पैशांची. साठवलेली रक्कम मोजकी असते आणि पहिली नजर जाते ती चकचकीत, मोठ्या अलॉय व्हील्सवर. त्यातून जे उरेल त्यात बसतील ते टायर घेतले जातात. टायरचे भौतिकशास्त्र मात्र नेमका उलटा क्रम सांगते. खर्च करायचा तर आधी रबरावर आणि हवेच्या मापावर करावा. रिमचा नंबर शेवटचा. हा क्रम चुकला तर वेळ वाया जातोच, शिवाय जिवावरही बेतू शकते.

चार तळव्यांवर अख्खी गाडी

हजार किलोची गाडी घेऊ. प्रत्येक चाकावर साधारण अडीचशे किलोचा भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो भरतो. भागाकार केला की कळते, रस्त्याला टेकलेला टायरचा ठसा जेमतेम ११० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे तळहाताएवढा असतो. चारही ठसे एकत्र केले तरी ते झेरॉक्सच्या ए-फोर कागदापेक्षा लहानच. वेग वाढवणे, ब्रेक लावणे, वळणे ही सगळी कामे एवढ्याच जागेतून होतात. इंजिन किंवा ब्रेक कितीही ताकदवान असो, हा ठसा जेवढे बळ पेलतो त्यापलीकडे गाडी काहीही करू शकत नाही.

रुंद टायर घातला की हा ठसा आपोआप मोठा होतो, हा समज अर्धाच खरा आहे. भार आणि हवेचा दाब तोच राहिला तर ठशाचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, आकार बदलतो. तो आखूड आणि आडवा होतो. वळणावर त्याचा फायदा होतो आणि उष्णताही जास्त रबरात वाटली जाते. पण हलक्या दर्जाच्या रबराचा रुंद टायर चांगल्या रबराच्या अरुंद टायरला मात देईलच असे नाही.

रबर पकडते कसे?

शाळेत शिकवलेला घर्षणाचा नियम रबराला पुरता लागू होत नाही. रबर डांबराच्या बारीक खाचखळग्यांत दबून शिरते आणि बाहेर येताना लगेच मूळ आकारात येत नाही. या रेंगाळण्यातून त्याला पकड मिळते. त्याच वेळी रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. या दोन्ही क्रिया तापमानावर अवलंबून असतात. थंड रबर कडक असते, ते खळग्यांत नीट शिरत नाही. फार तापलेले रबर इतके मऊ होते की ते निसटायला लागते. ट्रॅकसाठीच्या खास टायरचे रबर ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे खरे रंगात येते. रोजच्या वापराचा टायर त्याआधीच चांगली पकड देतो, पण लागोपाठ वेगवान फेऱ्यांत लवकर दमतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन गाड्यांनी एकाच जागी पूर्ण ब्रेक लावले असे समजू. एकीच्या टायरचा घर्षण गुणांक ०.९, दुसरीचा ०.७. पहिली साधारण ४४ मीटरवर थांबेल, दुसरी ५६ मीटरवर. फरक १२ मीटरचा, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन हॅचबॅक एवढा. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथून दुसरी अजून ताशी ४७ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. अलॉयची चमक हा फरक भरून काढू शकत नाही.

टायरचे हे महत्त्व शर्यतींचे नियम करणारेही जाणतात. फॉर्म्युला वनमध्ये २०११ पासून सर्व संघांना पिरेली या एकाच कंपनीचे टायर दिले जातात.

नवशिक्यासाठी कोणता टायर?

सर्वांत चिकट टायर घ्यावा, हा सल्ला नवशिक्याला उपयोगाचा नाही. चांगल्या कंपनीचा, रोजच्या वापराचा पण पकडीला प्राधान्य देणारा टायर सुरुवातीला उत्तम. तो मर्यादेजवळ आला की किंचाळतो, हळूहळू घसरतो आणि चालकाला सावरायला वेळ देतो. चिकट सेमी-स्लिक टायर बराच वेळ काही जाणवू देत नाही आणि सुटतो तेव्हा वेग जास्त असतो. शिवाय त्याच्या पकडीमुळे ब्रेक, बेअरिंग आणि सस्पेन्शनवरचा ताणही वाढतो, म्हणजे पुढचे खर्च आलेच.

टायरच्या बाजूवरची अक्षरे वाचायला पैसे पडत नाहीत. ‘१९५/५५ आर १६ ८७ व्ही’ असे लिहिले असेल तर रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १६ इंचांची. ८७ हा भारांक आहे, म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलू शकतो. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. ‘एच’ असेल तर २१०, ‘टी’ असेल तर १९०. कंपनीने गाडीला जो भारांक आणि वेगाचे अक्षर दिले आहे, त्याच्या खाली कधीही जाऊ नये.

आणखी एक चार आकडी क्रमांक लंबगोलात कोरलेला असतो. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. रबर न वापरताही म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात. दुकानदाराने ‘नवाच आहे, एकदाही चढवलेला नाही’ म्हणून स्वस्तात देऊ केलेला पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर ट्रॅकसाठी स्वस्त नसतो. जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेले, कडेला फुगवटा असलेले किंवा बाजूच्या भिंतीला पंक्चर काढलेले टायर तर ट्रॅकवर नकोतच. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरवर आयएसआय खूण हवी. त्यांचे मानक आयएस १५६३३ आहे.

काही टायरवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो. तो लहान तितके रबर साधारणपणे मऊ आणि आयुष्य कमी. हौशी ट्रॅक चालकांत २०० चे टायर लोकप्रिय आहेत, रोजच्या वापराच्या टायरवर तीनशे ते पाचशे किंवा त्याहून मोठे आकडे दिसतात. पण हे मोजमाप प्रत्येक कंपनी स्वतः करते. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांसमोर ठेवून निष्कर्ष काढू नये.

सर्वांत स्वस्त सुधारणा: हवा

पेट्रोल पंपावर ‘बत्तीस भरा’ म्हणून सांगितले की काम झाले, असे ट्रॅकवर होत नाही. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. सकाळी ३० अंश तापमानात २८ पीएसआय भरलेली हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे ३५ होतो. तेवढ्याने ठशाचा आकार बदलतो, टायरचा मधला भाग जास्त टेकतो आणि पकड कमी होते. म्हणून ट्रॅकवरून बाहेर येताच, टायर गरम असतानाच दाब मोजतात, वहीत लिहितात आणि गरजेप्रमाणे थोडी हवा सोडतात. त्यासाठी लागतो एक चांगला प्रेशर गेज आणि एक खडू. टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढली की दोन-तीन फेऱ्यांनंतर ती किती पुसली हे दिसते. रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, कडेपर्यंतही पुसली नसेल तर जास्त आहे.

नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच वागतात. फरक पाडतो तो ओलावा, त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा कोरडी असली की पुरते.

इथेच एक धोकाही दडलेला आहे. गरम टायरमधून हवा सोडून दाब ३२ वर आणला आणि तसेच घराकडे निघाले, तर टायर थंड झाल्यावर तोच दाब २५ च्या आसपास येतो. कमी हवेचा टायर महामार्गावर सतत दुमडतो, आतून तापतो आणि फुटू शकतो. ट्रॅकवरून निघण्यापूर्वी पुन्हा हवा भरणे हे त्या दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे काम समजावे.

रिम: फाउंड्रीवाल्यांचे शहाणपण

रिमचे वजन महत्त्वाचे आहे हे खरे. चाक पुढेही जाते आणि फिरतेही. त्यामुळे त्याच्या कडेजवळचा एक किलो, गाडीचा वेग वाढवताना सुमारे दीड ते दोन किलोंसारखा जाणवतो. चाक स्प्रिंगच्या खाली असल्याने जड चाक खडबडीत जागी रस्ता सोडते. पण मोठी रिम म्हणजे हलकी रिम नव्हे. पंधराऐवजी सतरा इंची अलॉय घातले की बहुधा वजन वाढते, आणि त्या मापाचे टायर प्रत्येक वेळी महाग पडतात. ट्रॅकवर टायर झपाट्याने झिजतात. त्यामुळे रिम एकदाच घ्यावी लागते, टायर मात्र पुन्हा पुन्हा, हा हिशेब आधी मांडावा.

स्वस्त अलॉयचा धोका कोल्हापूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की वरून सुबक दिसणाऱ्या कास्टिंगच्या पोटात ब्लो होल असू शकते. इथे ओतले जाते ते प्रामुख्याने लोखंड आणि अलॉय रिम असते ॲल्युमिनियमची, पण न्याय तोच. चांगल्या रिमसाठी सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असलेले ॲल्युमिनियम ओततात, मग ते सुमारे ५४० अंशांवर तापवून झटकन थंड करतात आणि पुन्हा दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. या उष्णोपचारातून तिची ताकद येते. खड्ड्यात वाकलेली रिम गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केली, की हीच ताकद त्या जागी निघून जाते. रिम गोल दिसते, पण आतून मऊ झालेली असते. वेल्डिंग केलेल्या किंवा तापवून सरळ केलेल्या रिमवर ट्रॅकवर जाऊ नये.

कमी पैशांत उत्तम पर्याय म्हणजे गाडीसोबत आलेल्या रिम, किंवा त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतल्या कंपनीच्या जुन्या पण न वाकलेल्या अलॉय. कंपनीने त्या त्याच गाडीच्या भारासाठी तपासलेल्या असतात. पत्र्याची, म्हणजे स्टीलची रिमही कमी लेखू नये. ती जड असते, पण जोरदार फटका बसला तर सहसा तडकण्याऐवजी वाकते. बाहेरची रिम घ्यायचीच असेल तर पीसीडी, ऑफसेट, मधल्या छिद्राचा व्यास आणि नटाची बैठक या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. मारुती स्विफ्टला चार बोल्ट आणि १०० मिलिमीटरचे वर्तुळ, तर फोक्सवॅगन पोलोला तेच वर्तुळ पण पाच बोल्ट. एकाची रिम दुसऱ्याला चालत नाही. निमुळत्या बैठकीच्या जागी गोल बैठकीचा नट लावला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि ट्रॅकवर सैल होतो. नट टॉर्क पान्यानेच, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे आवळावेत आणि पहिल्या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावेत.

पावसाळा आणि परतीची वाट

ट्रेलर परवडत नाही, म्हणून बहुतेक हौशी चालक त्याच टायरवर ट्रॅकवर जातात आणि त्याच टायरवर परततात. जून ते सप्टेंबर या काळात याचा वेगळा विचार हवा. कमी खाचांच्या सेमी-स्लिकला रस्त्यावरचे पाणी बाजूला ढकलता येत नाही. टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. गगनबावड्याच्या घाटात भर पावसात असे टायर घालून जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण. कायद्यानुसार मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोल खाच हवी. ट्रॅकवर एका दिवसात कडा तिथवर झिजू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी चारही टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडा बोट फिरवून तपासाव्यात.

विम्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणीतले नुकसान वगळलेले असते. आणि हा सगळा सराव बंद ट्रॅकवरच करायचा आहे, रात्रीच्या रिकाम्या रिंगरोडवर नव्हे.

खर्चाचा क्रम

सुरुवात कार्टपासून करावी. कार्टला सस्पेन्शन नसते, मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर असतात, त्यामुळे टायर काय करतोय हे थेट चालकाच्या पाठीला कळते. त्यासाठी स्वतःची गाडी झिजवावी लागत नाही आणि कोल्हापुरात ती सोय घराजवळ आहे. त्यानंतर स्वतःच्या गाडीचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल तपासून घ्यावे. मग प्रेशर गेज, टॉर्क पाना आणि व्हील अलाइनमेंट. त्यानंतर मूळ रिमवर, मूळ मापाचे, ताज्या तारखेचे चार सारखे चांगले टायर. एवढ्यावर चार-पाच वेळा ट्रॅकवर जाऊन, वहीत दाब आणि वेळा नोंदवून झाल्या की मगच ट्रॅकसाठी वेगळ्या रिम आणि चिकट टायरचा दुसरा संच घ्यायचा की नाही हे ठरवावे. तोवर आपल्याला नेमके काय कमी पडते हे त्या वहीतूनच दिसू लागलेले असेल.