फुंकलं, आकडा वाचला, झालं?

“त्यात शिकायचं काय? समोरच्यानं फुंकायचं, आपण आकडा वाचायचा!” श्वासातलं मद्य तपासणाऱ्या तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्राचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. पीथमपूरच्या किंवा देवासच्या कारखान्यात, एखाद्या वाहतूक कंपनीत काम मिळेल म्हणून तयारीला लागलेली मुलंही हेच म्हणतात, तेव्हा मात्र डोक्याला हात लावावा लागतो.

आकडा यंत्र देतं, कबूल. तो टिकणार की नाही, हे तंत्रज्ञाच्या हातात असतं.

हे प्रमाणपत्र मुळात अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमांतलं, ‘४९ सीएफआर भाग ४०’ मधलं. त्यात चाचण्या दोन, आणि शब्द दुसरीचा चालतो. पहिल्या, प्राथमिक चाचणीत ०.०२ पेक्षा कमी आलं, तर विषय संपला. ०.०२ किंवा जास्त आलं, तर निदान १५ मिनिटं थांबून दुसरी, खातरजमेची चाचणी. तिचाच निकाल अंतिम.

ही १५ मिनिटं म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. यंत्राला मोजायची असते फुप्फुसांच्या तळातून आलेली हवा. माउथवॉशचं किंवा खोकल्याच्या औषधाचं तोंडात रेंगाळलेलं मद्य त्याला वेगळं ओळखता येत नाही. ते विरून जायला हा वेळ लागतो. त्या काळात त्या माणसानं खायचं-प्यायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही आणि तंत्रज्ञानं नजर हलवायची नाही. २०२५ मध्ये केरळच्या एसटीचे चालक पिकलेला फणस खाऊन यंत्रात ‘दारू प्यायलेले’ ठरल्याची बातमी आली होती. घाई करून चाचणी घेतली की असे फणस जागोजागी भेटतात.

दुसऱ्या चाचणीआधी यंत्रात नुसती हवा घेऊन ०.०० येतं का, हे पाहायचं. ते पाहिलं नाही किंवा १५ मिनिटं भरू दिली नाहीत, तर चाचणी रद्द. म्हणूनच प्रमाणपत्रासाठी सलग ७ सराव-चाचण्या बिनचूक कराव्या लागतात. ‘सलग’ या शब्दाकडे नीट पाहा.

आता बाकीचे गैरसमज, एकेका ओळीत.

पान, वेलदोडा, कच्चा कांदा खाल्ला की यंत्र फसतं: वास झाकला जातो, फुप्फुसांतून येणारं मद्य नाही.

काळी कॉफी प्यायली की उतरते: झोप उडते, यकृत आपल्याच गतीनं काम करतं.

वास आला म्हणजे गुन्हा सिद्ध: मद्यप्राशनाच्या खटल्यात नुसता वास आणि अडखळती चाल पुरेशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच म्हटलं आहे.

०.०२ हीच भारतातली मर्यादा: नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य हा गुन्हा, ०.०२ म्हणजे २० मिलिग्रॅम. परीक्षेत ही गल्लत हमखास होते.

प्रमाणपत्र असलं की रस्त्यावर गाडी अडवून चाचणी घेता येते: मुळीच नाही. त्याच कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे चालकाची श्वासचाचणी घेण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाचा किंवा मोटार वाहन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा.

एकदा पास झालो की जन्माचं काम झालं: दर ५ वर्षांनी उजळणी प्रशिक्षण घ्यावंच लागतं.

तुमच्या एका आकड्यावर कुणाची तरी नोकरी जाऊ शकते, आणि कुणी प्यायलेला माणूस ट्रक घेऊन घाटात उतरूही शकतो. म्हणून तयारीला बसाल तेव्हा यंत्राची माहितीपुस्तिका वाचाच, पण शेजारी घड्याळही ठेवा. १५ मिनिटं पूर्ण १५ भरू द्या.